पत्र कोणाकडे मागावे

अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीनंतर मिळणाऱ्या प्रवेशासाठी जो अर्ज भरावा लागतो, त्यातल्या बहुतेक गोष्टी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातच्या असतात. गुण त्याने मिळवलेले असतात, एमकॅट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा त्याने दिलेली असते आणि आपल्याला डॉक्टर का व्हायचे आहे हे सांगणारा निबंध त्याने कितीदा तरी खोडून पुन्हा लिहिलेला असतो. शिफारसपत्रे मात्र दुसऱ्यांनी लिहायची असतात, ती परस्पर पाठवली जातात आणि ज्याच्याविषयी ती लिहिलेली असतात त्याला सहसा ती कधीच वाचायला मिळत नाहीत. या पत्रांच्या बाबतीत विद्यार्थ्याच्या हाती एकच निर्णय उरतो, तो म्हणजे पत्र कोणाकडे मागायचे. मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, दरवर्षी अशी पत्रे लिहिते आणि विद्यापीठाच्या समितीवर असल्यामुळे इतरांनी लिहिलेली पत्रेही वाचते. हा निर्णय मुले फार उशिरा घेतात आणि आपल्या मराठी घरांतून तर तो घेताना बहुधा भलतीकडेच पाहिले जाते, असे मला इतक्या वर्षांनंतर ठामपणे वाटते.

भलतीकडे पाहिले जाते याला कारण आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय आईवडिलांना बोल लावणे बरोबर होणार नाही. महाराष्ट्रात डॉक्टर होण्यासाठी कोणाच्या पत्राची गरज कधी पडलीच नाही. माझा चुलतभाऊ मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेला तो बारावीच्या गुणपत्रिकेवर. आज तिथे जाणारी मुले नीटच्या 720 गुणांपैकी किती मिळाले यावर जातात. हा मुलगा माणसांशी कसा बोलतो, चूक झाली तर कबूल करतो का, रात्रीच्या पाळीत चिडचिड न करता काम करील का, हे तेव्हाही कोणी विचारले नाही आणि आजही कोणी विचारत नाही. पत्र म्हणून आपल्या पिढीला जे ठाऊक आहे ते दोनच प्रकारचे. एक म्हणजे मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा चारित्र्याचा दाखला, ज्यात मजकूर छापील असतो आणि फक्त नाव लिहायचे असते. दुसरे म्हणजे एमएससाठी अमेरिकेला येताना लागणारे एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, ज्याविषयी सरांचे ठरलेले उत्तर असते, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' दोन्हीकडे वजन मजकुराला नसते, सहीला असते. शिवाय अडलेले काम मार्गी लागायचे असेल तर ओळखीतला मोठा माणूस गाठावा, हे शहाणपण आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. ही सगळी शिदोरी घेऊन आईवडील मुलांच्या पत्रांचा विचार करायला बसतात.

त्यामुळे महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आरती संपून जेवणाच्या रांगेत उभे असताना कोणीतरी आई मला बाजूला घेते आणि विचारते, ‘ताई, यांच्या मित्रांच्या ओळखीचे एक हृदयरोगतज्ज्ञ आहेत, मोठ्या हॉस्पिटलात विभागप्रमुख. आमच्या चिन्मयला त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. त्यांचं पत्र घेतलं तर वजन पडेल ना?’ या प्रश्नामागे मुलासाठी जे जे शक्य ते करण्याची तळमळ असते आणि ती मला दिसते. पण माझे उत्तर ठरलेले आहे. चिन्मयला काम करताना कोणी पाहिले आहे? प्रयोगशाळेत, वर्गात, नोकरीत, एखाद्या दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून, जिथे काम बिघडू शकत होते आणि ते बिघडू नये म्हणून त्याला काहीतरी करावे लागले, तिथे त्याच्या शेजारी कोण उभे होते? त्या माणसाचा हुद्दा काहीही असो, पत्र त्याच्याकडे मागावे.

हे असे का, ते पत्र वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले की ध्यानात येते. अमेरिकेत एमडीसाठी, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीसाठी, दरवर्षी 50,000 हून अधिक विद्यार्थी अर्ज करतात आणि त्यांतल्या सुमारे 23,000 जणांना प्रवेश मिळतो. एकेका महाविद्यालयाकडे हजारो अर्ज येतात. जो प्राध्यापक किंवा डॉक्टर हे अर्ज वाचायला बसतो, त्याच्यापुढे विद्यार्थ्याचे सगळ्या वर्षांचे गुण असतात आणि 528 पैकी एमकॅटचे किती हेही असते. मुलगी रसायनशास्त्रात पहिली आली, हे त्याला पत्रातून पुन्हा कळण्याचे काहीच कारण नसते. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, पत्र लिहिणाऱ्यांसाठी सूचना प्रसिद्ध केलेल्या आहेत आणि त्यांत हेच सांगितले आहे की गुणांचा उल्लेख करायचाच तर ते समजून घ्यायला मदत होईल अशी काही पार्श्वभूमी सांगायची असेल तरच करावा, आपल्या प्रयोगशाळेची किंवा अभ्यासक्रमाची माहिती देत बसू नये, आणि स्वतः पाहिलेल्या वागणुकीविषयी लिहावे. वैद्यकीय शिक्षणाला येणाऱ्या विद्यार्थ्यात काय असावे याचीही त्या संघटनेने एक यादी केली आहे. विज्ञानाची जाण तीत आहेच, पण त्याबरोबर विश्वासार्हता, इतरांबरोबर मिळून काम करणे, अपयशातून सावरणे, नैतिक जबाबदारी, समोरच्याचे ऐकून घेणे अशा गोष्टी आहेत. यांतल्या एकाही गोष्टीचा पेपर काढता येत नाही. विद्यार्थी निबंधात त्या स्वतःविषयी सांगू शकतो, पण स्वतःविषयी स्वतः दिलेली ग्वाही कितीशी चालणार? ती दुसऱ्याने द्यावी लागते, आणि तीही प्रत्यक्ष पाहणाऱ्याने.

एकाच विद्यार्थ्यासाठी आलेली दोन पत्रे मी एकदा लागोपाठ वाचली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. पहिले पत्र एका नामांकित शल्यचिकित्सकाचे होते. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या विभागात किती शस्त्रक्रिया होतात याची माहिती होती, दुसऱ्यात मुलाच्या वडिलांशी असलेल्या स्नेहाचा उल्लेख होता आणि तिसऱ्यात मुलगा हुशार, मेहनती आणि सभ्य असून त्याने आपल्याबरोबर काही दिवस रुग्णालयात घालवले असे लिहिले होते. सगळे खरे होते, पण ते पत्र दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या नावाने तसेच्या तसे पाठवता आले असते.

दुसरे पत्र एका वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीच्या पर्यवेक्षिकेने लिहिले होते. हा मुलगा तिथे परिचारिकांच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करत होता. तिने लिहिले होते की एक आजी काही दिवसांपासून जेवण अर्धेच टाकत होत्या आणि भूक मंदावली आहे अशी नोंद सगळ्यांनी पुढे चालू ठेवली होती. या मुलाने मात्र त्या पोळीसारखे चावावे लागणारे पदार्थ बाजूला सारतात आणि सूप तेवढे संपवतात हे पाहिले, त्यांच्या कवळीखाली हिरडी सोलवटलेली आहे हे त्याच्या लक्षात आले, आणि ते त्याने स्वतःच काही उपाय न करता लगेच ड्युटीवरच्या नर्सला सांगितले. पुढे तिने असेही लिहिले होते की पहिल्या महिन्यात तो कामात फार हळू होता, त्याला दोनदा समज द्यावी लागली, आणि दुसऱ्या खेपेला त्याने सबब न सांगता कोणत्या क्रमाने काम केले तर वेळ वाचेल हे विचारून घेतले. पत्र जेमतेम एका पानाचे होते आणि भाषा साधी होती. समितीत चर्चा झाली ती या पत्राची. त्या मुलाच्या स्वभावाविषयी जे सांगायला निबंधाला दोन पाने लागली असती, ते त्या हिरडीच्या एका तपशिलात आले होते. त्याच्या हळूपणाची कबुली पत्रात होती म्हणून बाकीच्या कौतुकावर विश्वास बसला.

डॉक्टरांच्या सोबत काही दिवस फिरणे, ज्याला इथे शॅडोइंग म्हणतात, ते करावेच, कारण डॉक्टरचा दिवस कसा जातो हे त्याशिवाय कळत नाही. पण त्यात विद्यार्थी भिंतीला टेकून उभा असतो, त्याच्यावर कसलीच जबाबदारी नसते, आणि म्हणून त्याच्याविषयी लिहिण्यासारखे डॉक्टरांकडेही काही नसते. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या, महाविद्यालयांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथला अर्ज एएकोमास या वेगळ्या यंत्रणेतून जातो आणि त्यांतल्या अनेकांना एखाद्या डॉक्टरचे, शक्यतो ऑस्टिओपॅथिक डॉक्टरचेच, पत्र हवे असते. तिथे अर्ज करायचा असेल तर अशा डॉक्टरकडे नुसते उभे न राहता काहीतरी काम मागून घ्यावे, निदान पुन्हा पुन्हा जावे, म्हणजे लिहायला आधार मिळतो. नातेवाईक, कौटुंबिक स्नेही, आमदार-खासदारांसारखी मंडळी यांची पत्रे मात्र कोठेही पाठवू नयेत. ती वाचून समितीचे मत विद्यार्थ्याविषयी बनत नाही, त्याच्या घराच्या ओळखीपाळखींविषयी बनते.

यंत्रणेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण निवड तिच्याशी बांधलेली आहे. एमडीच्या बहुतेक महाविद्यालयांचा अर्ज एएएमसीच्या अ‍ॅमकास या यंत्रणेतून जातो. टेक्ससमधल्या सरकारी महाविद्यालयांची स्वतःची वेगळी यंत्रणा आहे. अ‍ॅमकासमध्ये एका अर्जाला जास्तीत जास्त 10 पत्रे जोडता येतात आणि कोणते पत्र कोणत्या महाविद्यालयाला जावे हे विद्यार्थ्याला ठरवता येते. 10 ची मुभा आहे म्हणून 10 पत्रे गोळा करणे मला मान्य नाही. चार चांगल्या पत्रांबरोबर तीन मोघम पत्रे गेली तर वाचणारा थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या मनात मोघमपणाच रेंगाळतो. काही विद्यापीठांत प्री-मेड, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या, विद्यार्थ्यांसाठी समिती असते. ती शिक्षकांची पत्रे मागवते, विद्यार्थ्याची मुलाखत घेते आणि सगळ्यांचा मिळून एक एकत्रित अभिप्राय लिहिते. आपल्या महाविद्यालयात अशी समिती असेल तर तिचे पत्र घेणे इष्ट, कारण ते नसले तर का नाही असा प्रश्न उभा राहतो. समितीच्या मुदती अर्जाच्या बऱ्याच आधी संपतात, हे मात्र अनेकांना तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कळते. आणखी एक गोष्ट गोपनीयतेची. 1974 च्या फर्पा या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःविषयीची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिलेला आहे, पण शिफारसपत्रांच्या बाबतीत तो हक्क त्याला आपणहून सोडता येतो. बहुतेक सगळे तो सोडतात आणि सोडावाच, कारण विद्यार्थी वाचणार आहे हे ठाऊक असलेले पत्र भिडेखातर लिहिलेले असू शकते, ही शंका वाचणाऱ्याच्या मनात राहू नये.

आता ज्या भागात मुलांची खरी अडचण होते त्याकडे येते. पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालये दोन पत्रे विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांची आणि एक विज्ञानेतर विषयाच्या प्राध्यापकाचे मागतात, आणि तीही ज्यांच्या वर्गात विद्यार्थी प्रत्यक्ष बसला आहे अशांची. मोठ्या सरकारी विद्यापीठात कार्बनी रसायनाच्या वर्गात तीनशे मुले असतात. प्राध्यापक खाली दिव्यांच्या झोतात उभे असतात आणि मुले वर अंधारात चढत गेलेल्या रांगांमध्ये. तिथे परीक्षेत शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवणारी मुलगीही प्राध्यापकांसाठी यादीतले एक नाव असते. पत्र मागायला ती पहिल्यांदा त्यांच्या खोलीत जाते तेव्हा ते तिला प्रामाणिकपणे एवढेच सांगू शकतात की मी तुझे गुण लिहू शकेन.

यावर उपाय आहे, पण तो वर्ष-दोन वर्षे आधी सुरू करावा लागतो. इथले प्राध्यापक आठवड्यातले काही तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात आणि त्या वेळात त्यांच्या खोलीचे दार अक्षरशः उघडे असते. त्या दारातून आत जाणारी मुले फार थोडी असतात, आणि आपल्या घरांतली मुले त्यांत आणखी थोडी. याचे कारण मला परिचित आहे, कारण मी सांगलीला ज्या वातावरणात वाढले त्यात शिक्षकांच्या खोलीत बोलावल्याशिवाय जायचे नसे, आणि गेलो तर काहीतरी चुकले म्हणूनच जायचो. शंका विचारली तर आपल्याला येत नाही हे उघडे पडेल, ही भीती आईवडिलांकडून मुलांत नकळत उतरते. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी पहिल्या परीक्षेनंतर उत्तरपत्रिका घेऊन आली. गुण वाढवून मागायला आली असेल असे मला वाटले होते. तिने मूत्रपिंडावरच्या एका प्रश्नावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘उत्तर का चुकले ते मला समजले आहे, मी ते बरोबर आहे असे का समजत होते, ते मला शोधायचे आहे.’ त्यानंतर ती पुन्हा पुन्हा येत राहिली. सोडियम कुठे शोषले जाते आणि पाणी त्याच्यामागे कुठे जाते, याची तिने फळ्यावर काढलेली आकृती पहिल्यांदा उलटी होती, मग अर्धी बरोबर झाली आणि सत्राच्या शेवटी तीच आकृती ती इतर मुलांना समजावून सांगत होती. तिला माझ्या विषयात ‘बी’ मिळाला. तिच्यासाठी लिहिलेले पत्र हे मी लिहिलेल्या सर्वांत भक्कम पत्रांपैकी एक आहे, कारण विचार कसा दुरुस्त होत जातो हे मी स्वतः पाहिले होते आणि डॉक्टरच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचे मला काही वाटत नाही. ज्या विषयात ‘ए’ मिळाला त्याच शिक्षकांकडे पत्र मागावे, असा समज सर्वत्र आहे. तो मी खोडून काढत आले आहे.

मोठ्या वर्गात विद्यार्थ्याला खरे ओळखतो तो बहुधा प्रयोगाचे तास घेणारा पीएचडीचा विद्यार्थी, म्हणजे टीचिंग असिस्टंट किंवा टीए. रक्तदाबाच्या प्रयोगात एका गटाची आकडेवारी इतरांशी जुळेना तेव्हा कोणी शेजारच्या गटाचे आकडे उतरवून घेतले आणि कोणी दंडाला बांधायचा पट्टा मोठ्या मापाचा आहे हे शोधून मोजणी पहिल्यापासून केली, हे त्यालाच ठाऊक असते. एकट्या टीएचे पत्र अनेक ठिकाणी चालत नाही, पण टीएने लिहिलेल्या निरीक्षणांवर आधारलेले आणि प्राध्यापकांनी सही केलेले पत्र चालते. हे मुलांना माहीत नसते आणि संकोचामुळे ती विचारतही नाहीत. संशोधनाच्या प्रयोगशाळेतही असेच असते. तिथे प्रमुखांचे नाव मोठे असते, पण पिपेट हातात धरायला शिकवणारा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणारा, वेगळाच असतो. प्रमुखांनी पोस्टडॉककडून तपशील मागवून पत्र लिहावे, अशी विनंती विद्यार्थ्याने जरूर करावी. त्यात कोणाचा मान कमी होत नाही.

विज्ञानेतर विषयाच्या पत्राकडे सगळेच दुर्लक्ष करतात. मला मात्र समितीत बसल्यावर सर्वांत आधी ते पत्र उघडावेसे वाटते. इतिहासाच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या वर्गात पंधरा-वीस मुले असतात, प्रत्येकाला बोलावे लागते, मतभेद होतात आणि लिहिलेल्या निबंधाच्या समासात शिक्षकांनी केलेल्या खुणा विद्यार्थ्याला पुढच्या खर्ड्यात विचारात घ्याव्या लागतात. आपल्याला न पटणारे मत मांडणाऱ्या वर्गमित्राचे म्हणणे त्याच्यापेक्षा नीट मांडून मग त्याला उत्तर देणारा विद्यार्थी, हे वर्णन मी एका इतिहासाच्या प्राध्यापकांच्या पत्रात वाचले, तेव्हा रुग्णाशी हा मुलगा कसा बोलेल याचा अंदाज मला जीवशास्त्राच्या कोणत्याही पत्रापेक्षा अधिक आला. आपल्याकडे हे विषय वेळ घालवणारे समजले जातात आणि मुले ते ऑनलाइन, उन्हाळ्याच्या सुट्टीत, कसेबसे उरकून टाकतात. मग पत्राची वेळ आली की विचारायला कोणी उरत नाही.

विचारायचे कसे, याचीही एक रीत इथे रुळलेली आहे आणि ती मला चांगली वाटते. 'मला पत्र द्याल का' असे न विचारता 'माझ्याविषयी भक्कम पत्र लिहिता येईल इतकी तुमची-माझी ओळख आहे असे तुम्हाला वाटते का' असे विचारावे. त्यात समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते. ज्या विद्यार्थ्यांविषयी माझ्याजवळ लिहिण्यासारखे काही नाही त्यांना मी नाही म्हणते, शक्य असेल तर दुसरे कोण लिहू शकेल हे सुचवते, आणि हे मी त्यांच्या भल्यासाठीच करते. तोंडदेखले होकार देऊन चार ओळींचे पत्र पाठवणारा शिक्षक विद्यार्थ्याचे किती नुकसान करतो हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही, कारण ते पत्र त्याने वाचलेलेच नसते. नकार मिळाला की आपल्या घरांत तो अपमान मानला जातो, ‘एवढे गुण असून सर नाही म्हणाले’ याची चर्चा होते. एखादा शिक्षक अडखळला, थोडा वेळ गप्प राहिला, ‘बघू’ म्हणाला, तर तेही नकारच समजून त्याचे आभार मानावेत आणि दुसरीकडे जावे.

होकार मिळाल्यावर विद्यार्थ्याचे काम संपत नाही. निबंधाचा खर्डा, केलेल्या कामांचा तपशील, अ‍ॅमकासचा पत्रमागणीचा फॉर्म आणि मुदत हे तर द्यावेच, पण त्याबरोबर एक पान स्वतः लिहून द्यावे, ज्यात आपण त्या शिक्षकांच्या वर्गात किंवा त्यांच्या हाताखाली काय केले, कुठे अडखळलो, त्यातून काय बदलले, याच्या आठवणी असतील. हे पान लिहिताना आपली मुले कमालीची संकोचतात. स्वतःचे कौतुक स्वतः करू नये असे त्यांना घरात शिकवलेले असते आणि ती शिकवण मला मनापासून प्रिय आहे. पण घडलेली गोष्ट जशी घडली तशी सांगणे याला बढाई म्हणत नाहीत. शिक्षकाला शेकडो मुलांतला एक प्रसंग आठवून दिला तर तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले स्वतःच्या शब्दांत लिहू शकतो. पत्राचा मजकूर मात्र विद्यार्थ्याने लिहून देऊ नये, कोणी मागितला तरी. असा प्राध्यापक भेटला तर दुसरा शोधावा, हे माझे मत मी कोणासाठीही सौम्य करत नाही.

प्रसंगांचा आग्रह मी इतका धरते, याला आणखी एक कारण आहे. फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन प्सेंका या दोन संशोधिकांनी 2003 मध्ये एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदासाठी आलेली 300 हून अधिक शिफारसपत्रे तपासून दाखवले की स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रे सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्ये अधिक होती. ती पत्रे विद्यार्थ्यांची नव्हती, पण मी समितीत वाचते त्या पत्रांतही भारतीय मुलींच्या वाट्याला शांत, कष्टाळू, आज्ञाधारक अशी विशेषणे वारंवार येताना पाहते. आपल्या घरात हे मोठे कौतुक आहे. अर्ज वाचणाऱ्याला मात्र त्यातून असे चित्र दिसते की ही मुलगी सांगितलेले काम करील. लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही नसते. त्याच्याजवळ प्रसंग नसतो, म्हणून तो विशेषणांवर भागवतो. ज्याच्याजवळ प्रसंग आहेत असा लेखक निवडणे, एवढेच मुलीच्या हातात आहे.

वेळेविषयी थोडक्यात सांगते. अ‍ॅमकासचा अर्ज मेच्या सुरुवातीला खुला होतो, मेअखेर किंवा जूनच्या आरंभी सादर करता येतो आणि जूनच्या शेवटी महाविद्यालयांकडे जाऊ लागतो. पत्रे नसली तरी अर्जाची तपासणी सुरू होते, त्यामुळे पत्रांसाठी अर्ज अडवून ठेवू नये. पण बहुतेक महाविद्यालये आलेले अर्ज येतील तसे वाचतात, आणि पत्रे पोहोचल्याखेरीज अर्ज पूर्ण धरला जात नाही. म्हणून शिक्षकांना दोन-तीन महिने आधी विचारावे. पदवीनंतर एक-दोन वर्षे काम करून मग अर्ज करणारी मुले आता पुष्कळ आहेत. त्यांनी विषय संपल्यासंपल्याच पत्र मागून ठेवावे, कारण दोन वर्षांनी शिक्षकाला चेहरा आठवतो, मूत्रपिंडाची आकृती आठवत नाही. इंटरफोलिओसारख्या सेवेत पत्र गोपनीय ठेवून पुढे पाठवता येते.

आईवडिलांना माझे एक कळकळीचे सांगणे आहे. मुलाच्या प्राध्यापकांना तुम्ही ईमेल लिहू नका, ‘पत्र पाठवले का’ म्हणून विचारणा करू नका, दिवाळीचा फराळही या काळात पाठवू नका. तुमची भावना कितीही निर्मळ असली तरी ज्या मुलाला उद्या स्वतंत्रपणे रुग्ण सांभाळायचे आहेत त्याला स्वतःचे पत्रही मागता येत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. तुम्ही करू शकता ते त्याच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी. तेव्हा त्याला शिक्षकांच्या दारात जायला उत्तेजन द्या, वृद्धाश्रमातल्या नोकरीला ‘हे कसले काम’ म्हणू नका, तत्त्वज्ञानाचा वर्ग घेतो म्हणाला तर घेऊ द्या.

ज्यांना पहिल्या खेपेला प्रवेश मिळत नाही, आणि अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तो मिळत नाही, त्यांच्यापुढे पत्रांचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहतो. अ‍ॅमकासमध्ये गेल्या वर्षीची पत्रे पुढच्या अर्जाला आपोआप जोडली जात नाहीत, ती पुन्हा मागवावी लागतात. अशा वेळी पुन्हा विचारायला मुलांना लाज वाटते. काही जण तर पहिल्या शिक्षकांना निकालही कळवत नाहीत आणि अनोळखी माणसांकडून नवी पत्रे मिळवू पाहतात. माझ्याकडे दुसऱ्या खेपेला येणाऱ्यांसाठी मी पत्र पहिल्यापासून लिहायला घेते. मधल्या वर्षात काय केले, कुठे काम केले, कोणाबरोबर केले हे विचारते, आणि त्या कामावरच्या कोणाचे नवे पत्र मिळेल का हेही विचारते. गेल्या वर्षी अपयश आले होते हे पत्रात लिहायचे की नाही ते विद्यार्थ्याला विचारून ठरवते. बहुतेक जण लिहा म्हणतात, आणि मग त्यानंतरच्या वर्षात तो कसा वागला ते मी सविस्तर लिहिते.